मांडीवरचा निखारा

चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात, एका जुन्या वाड्याच्या माडीवर मी मोडी कागदांची छायाचित्रं घेत बसलो होतो. बासनं अकरा होती आणि घरमालकांनी दिवस दोन दिले होते. तिसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे लग्नाचे पाहुणे येणार होते. माझ्याजवळ एक कॅमेरा, दोन दिवे आणि एक लहानसा लॅपटॉप. हा लॅपटॉप मी पुण्यातून जुना म्हणून घेतलेला. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांना देतात त्या जातीचा: काळा, मजबूत, बारा इंची पडद्याचा, वजनाला दीड किलोच्या आत. एसटीनं आणि कधी दुचाकीवर मागे बसून दप्तरं शोधत हिंडणाऱ्या माणसाला याहून सोयीचं यंत्र नाही.

माझी पद्धत अशी की प्रत्येक चित्र लगेच लॅपटॉपवर उघडायचं, मोठं करून रेघ न् रेघ वाचता येते का ते पाहायचं आणि मगच पुढचा कागद उलगडायचा. सकाळी नऊ वाजता एक चित्र उघडायला चार सेकंद लागत होते. दुपारी दोन वाजता त्याच कामाला अर्धा मिनिट लागू लागला. पंखा केकाटत होता, तळ हाताला सोसवत नव्हता, आणि साडेतीनच्या सुमारास यंत्र आपण होऊन बंद पडलं. घरमालक आजोबा झोपाळ्यावरून हे सगळं बघत होते. म्हणाले, "तुमच्या मशीनले ऊन लागलं वाटते, सर."

दोन दिवसांत चार बासनं झाली. सात राहिली. दोष सगळा यंत्राचा नव्हता. तपासणी रात्रीवर ढकलून नुसती चित्रं घेत गेलो असतो तर कदाचित आठ झाली असती. पण परतीच्या गाडीत एक प्रश्न डोक्यातून जाईना. माझ्या लॅपटॉपच्या कागदपत्रांत ज्या वेगाचा आकडा छापला होता, त्याच्या निम्म्यानंही तो त्या दुपारी चालत नव्हता. मग तो छापलेला वेग होता तरी कुणाचा? इतिहासाच्या माणसाला प्रश्न पडला की तो मागे मागे जातो. मीही गेलो. त्यातून हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

संगणकात जाणारी वीज शेवटी जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होते. गिरणी पीठ देते, पंप पाणी चढवतो. संगणक आकडे देतो, पण आकड्यांना वजन नसतं. म्हणून त्याच्याकडे विजेचा हिशेब मागितला तर तो फक्त ऊबच दाखवू शकतो. १९४६ साली अमेरिकेत जगासमोर आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या, त्याला दीडशे किलोवॉटच्या आसपास वीज लागे आणि ती उष्णता हटवायला मोठाले भाते बसवलेले होते. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक १९६० साली पूर्णपणे कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या. ही यंत्रं खोलीएवढी असल्यामुळे त्यांच्या उष्णतेला पसरायला खोली होती. अडचण सुरू झाली ती यंत्र लहान होऊ लागल्यावर.

तीही लगेच नाही. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली एक निबंध लिहिला. त्याचा गाभा असा की ट्रान्झिस्टर जितका लहान कराल त्या प्रमाणात त्याचा विद्युतदाबही कमी करा, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही त्या जागेचा ताप वाढणार नाही. पुढची जवळपास तीस वर्षं संगणक-उद्योग या एका वाक्यावर श्रीमंत झाला. कारण चिपला लागणारी शक्ती वेगाच्या पटीत वाढते, पण दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. एक व्होल्टचा दाब ०.९ वर आणला, म्हणजे दहा टक्के कमी केला, तर त्याच वेगाला लागणारी शक्ती एकोणीस टक्क्यांनी घटते. हा वर्ग वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

उत्पादकानं ठरवलेल्या वेगापलीकडे यंत्र पळवणं, ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, त्याची एक जुनी आणि मोठी खुमासदार हकिकत १९८४ सालच्या आयबीएमच्या 'पीसी एटी' या संगणकाची आहे. त्याचा वेग ६ मेगाहर्ट्झ होता आणि तो वेग ठरवणारा १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक खोबणीत नुसता बसवलेला होता. उचकटून काढला आणि १६ चा बसवला की यंत्र ८ मेगाहर्ट्झनं चालू लागे. खर्च किरकोळ, वेग एक तृतीयांशानं जास्त. लोकांनी हे धडाक्यानं सुरू केलं. त्यावर कंपनीनं पुढच्या आवृत्तीत अशी तजवीज केली की यंत्र सुरू होताना स्वतःचा वेग मोजी, आणि तो ठरल्याहून जास्त निघाला तर सुरूच होईना. मालकानं आपल्याच यंत्राचं घड्याळ पुढे केलं तर यंत्रानं मालकाला ओळख दाखवायची नाही, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

दुसरी हकिकत मी जवळून पाहिली. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलनं 'सेलेरॉन ३००ए' नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला. त्याचा वेग म्हणजे ६६ मेगाहर्ट्झ गुणिले साडेचार. हा साडेचारचा गुणक कंपनीनं कुलूपबंद केला होता, आणि त्यामागे सबळ कारणही होतं: बाजारात कमी वेगाच्या चिपांवर जास्त वेगाचा शिक्का मारून विकणारे भामटे माजले होते. पण गुणक बंद असला तरी गुण्य उघडंच होतं. मदरबोर्डवर ६६ च्या जागी १०० केलं की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावे. काही बोर्डांवर त्यासाठी प्रोसेसरच्या एका संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा बारीकसा तुकडा लावावा लागे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर १९९९ साली मी पहिला संगणक जोडून घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं, "साडेचारशे करून देऊ का?" असं दाढीचा साबण लावून देऊ का या सुरात विचारलं होतं. मी घाबरून नको म्हटलं. ते मला पुढे बरीच वर्षं बोचलं. कारण त्या पोराला जे कळलं होतं ते मला कळलं नव्हतं: चिपवर लिहिलेला वेग हा नेहमीच धातूचा गुण नसतो, पुष्कळदा तो दुकानदारीचा निर्णय असतो.

मात्र टेबलावरच्या डब्यात मोठा पंखा बसतो. लॅपटॉपमध्ये काय बसणार?

१९९२ साली आलेल्या आयबीएमच्या 'थिंकपॅड ७००सी' या लॅपटॉपचं रूप रिचर्ड सॅपर यांनी जपानी जेवणाच्या डब्यावरून घेतलं होतं: बाहेरून साधा काळा चौकोन, उघडल्यावर आत काहीतरी खास. पण डब्याचा धर्मच मुळी आतली ऊब धरून ठेवण्याचा. नव्वदच्या दशकात प्रोसेसर तापू लागले तसा या डब्यातून ऊब बाहेर नेणारा रस्ता लागला. तो मिळाला तो अगदी भलत्याच ठिकाणाहून. जनरल मोटर्समधल्या आर. एस. गॉगलर यांनी १९४२ साली शीतकपाटासाठी एका नळीच्या पेटंटचा अर्ज केला होता. ती कल्पना कागदावरच राहिली. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधली आणि तिला हीट पाइप हे नाव दिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर होती अंतराळयानातली अणुभट्टी. आज ती नळी आपल्या मांडीवर असते.

तिची रचना इतकी सोपी की तीत हलणारं काही नाही. तांब्याची दोन्ही टोकांना बंद केलेली नळी, आतली हवा काढून टाकलेली, थेंबभर पाणी आणि आतल्या भिंतीला दिव्याच्या वातीसारखा सच्छिद्र थर. हवा नसल्यामुळे पाणी थोड्याशा उबेनंच उकळतं. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होते, ती पंख्याकडच्या थंड टोकाला धावते, तिथे पुन्हा पाणी होऊन उष्णता सोडून देते आणि पाणी वातीतून परत येतं. घन तांब्याच्या कांबीपेक्षा कितीतरी पट वेगानं ही चिमूटभर पाण्याची नळी उष्णता वाहून नेते. पण तिच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये एक फट असते. दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतात आणि त्या खळग्यांत हवा बसते. तांबं उष्णता वाहण्यात हवेच्या १५ हजार पट सरस. म्हणून त्या फटीत एक करडा लेप भरतात, थर्मल पेस्ट म्हणतात तो. लेप तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण हवेपेक्षा शंभर पटींहून बरा. काही वर्षांत तो सुकतो, भेगाळतो आणि हवा परत आपल्या जागी येऊन बसते.

या सुमाराला सगळ्या उद्योगाचाच घाम निघत होता. २००१ साली इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी अभियंत्यांच्या एका परिषदेत इशारा दिला की याच चालीनं गेलो तर काही वर्षांत चिपच्या दर चौरस सेंटिमीटरची उष्णता अणुभट्टीच्या आणि पुढे रॉकेटच्या नळकांड्याच्या बरोबरीला जाईल. डेनार्ड यांचा सौदा मोडीत निघत होता. ट्रान्झिस्टर लहान होत होते, पण दाब त्या प्रमाणात उतरवता येईना. फार उतरवला की बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळू लागे. २००४ मध्ये आलेला नवा पेंटियम ४ शंभर वॉटच्या पुढे गेला. त्याच वर्षी त्याच्या पुढच्या पिढीचं काम कंपनीनं सोडून दिलं, ४ गिगाहर्ट्झचा वायदाही मागे घेतला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका जाहीर सभेत व्यासपीठावर गुडघे टेकून, अर्ध्या थट्टेनं का होईना, माफी मागितली.

वाट दाखवली ती लॅपटॉपनं. इस्रायलमधल्या हैफाच्या अभियंत्यांनी खास लॅपटॉपसाठी घडवलेला 'पेंटियम एम' २००३ मध्ये आला. आकड्यानं हळू, १.६ गिगाहर्ट्झचा, पण कामाला चपळ आणि उष्णतेला फक्त २४.५ वॉटचा. आणि इथेच लहान लॅपटॉपवाल्या हौशी मंडळींचं खरं युग सुरू झालं. या प्रोसेसरच्या पुढच्या आवृत्तीत, खोबणीतल्या दोन छिद्रांत केसाएवढ्या तारेचा दुवा बसवला की काही यंत्रांत १०० चे १३३ होत आणि १.६ चा प्रोसेसर २.१३ वर जाई. मात्र तारेपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती त्यांची दुसरी युक्ती. प्रोसेसरचा दाब सॉफ्टवेअरमधून सोळा-सोळा मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी उतरवता येई. कारखाना प्रत्येक चिपला सुरक्षित असा जास्तीचा दाब देतो, कारण हजारांतली सर्वांत अडेल चिपही चालली पाहिजे. तुमची चिप अडेल नसेल तर तो दाब फुकट जातो, आणि जातो तो वर्गाच्या पटीत. ही मंडळी एकेक पायरी उतरत, यंत्र गोठलं की दोन पायऱ्या वर येत. वेग तोच, पंखा शांत, बॅटरी जास्त वेळ. एखाद्या गवयानं तानपुरा लावावा तसं हे काम आहे, असं मला वाटतं. घाईत होत नाही आणि दुसऱ्याच्या यंत्राचा आकडा आपल्याला चालत नाही.

मध्यंतरी मांडीचाही प्रश्न निघाला होता. २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका स्वीडिश डॉक्टरांचं पत्र छापून आलं. एक पन्नाशीचे शास्त्रज्ञ घरी तासभर लॅपटॉप मांडीवर घेऊन अहवाल लिहीत बसले. अंगावर विजार नीट होती. दुसऱ्या दिवशी नको त्या जागी भाजल्याच्या खुणा निघाल्या. वाचून हसू येतं, पण लहान लॅपटॉपची मर्यादा कुठे आहे हे त्यात नेमकं दिसतं. चिप शंभर अंशांपर्यंत तग धरते, मांडी पन्नासही सोसत नाही. म्हणून पुष्कळ यंत्रं चिपसाठी नव्हे, आपल्यासाठी हळू होतात. ही गोष्ट रास्तच आहे. फक्त विकताना ती कुणी ठळक अक्षरांत सांगत नाही.

यानंतरचा बदल मोठा आहे, पण तो गाजावाजा न होता झाला. २०११ च्या इंटेल प्रोसेसरांपासून 'टर्बो'ची अशी पद्धत रुळली की प्रोसेसर स्वतःच, थंड असेल तोवर, आपल्या नेमून दिलेल्या वॉटच्या वर उडी मारतो, काही सेकंद पळतो आणि तापला की खाली येतो. म्हणजे ओव्हरक्लॉकिंग आता कारखान्यानंच करून दिलं होतं. वेग हा एक आकडा उरला नाही. तो थंडाव्यावर अवलंबून असलेला वायदा झाला. त्याच वेळी यंत्रं पातळ होत होती. 'थिंकपॅड एक्स२२०' या २०११ च्या बारा इंची लॅपटॉपमध्ये ३५ वॉटचा प्रोसेसर होता. दोनच वर्षांनी आलेल्या त्याच्या वारसात, एक्स२४० मध्ये, १५ वॉटचा. बॅटरी जास्त टिकू लागली, पंखा लहान झाला. आता यंत्र जोरात पळवायचं तर स्फटिक नको, तार नको. फक्त त्याला थंड ठेवायचं, की ते आपण होऊन पळतं. थंडावा हेच ओव्हरक्लॉकिंग झालं.

आता अकोल्याकडे वळतो. बहुतेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ५ ते ३५ अंश असं छापलेलं असतं. माडीवर त्या दुपारी ४२ होतं. उष्णता किती निघून जाणार हे चिप आणि खोली यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. चिपची मर्यादा १०० धरली तर २५ अंशांच्या खोलीत हा फरक ७५ चा, ४२ च्या खोलीत ५८ चा. म्हणजे जी नळी आणि जो पंखा तिथे १५ वॉट बाहेर टाकतो, तोच वऱ्हाडात साडेअकरा टाकतो. दाम तेच, यंत्र तेच, पण एप्रिलात त्याचा जवळपास पाव हिस्सा आपल्याकडे पोचतच नाही. आजोबांचं निदान अक्षरशः खरं होतं.

आणि हा हिशेब स्वच्छ यंत्राचा. पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका मुलानं माझा लॅपटॉप माझ्यासमोर उघडला तेव्हा पंख्याच्या आणि तांब्याच्या पातळ पात्यांच्या मध्ये नमद्यासारखा धुळीचा पट्टा निघाला, अखंड, चिमट्यानं उचलता येईल असा. त्यात दप्तरांची धूळही असणारच. तीन शतकांची म्हटलं तरी चालेल. जुना लेप खडूसारखा झाला होता. त्यानं तो पुसला आणि नवा लेप तांदळाच्या दाण्याएवढा लावला. मी कुठेतरी वाचलेला द्रवधातू सुचवला, गॅलियमचा. तो लेपापेक्षा कितीतरी सरस. मुलानं माझ्याकडे पाहून सांगितलं, "काका, पात्यांत ॲल्युमिनियम असलं तर खाऊन टाकतो तो." ते खरं आहे. गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणाकणांत शिरतो आणि त्याचा भुगा करतो. शिवाय एक थेंब बोर्डावर सांडला की शॉर्ट. जुन्या यंत्राला साधा लेपच बरा. तासाभराच्या कामानं तापमान ९७ वरून ८४ वर आलं आणि वेग दुपटीच्या आसपास गेला. नवं काहीच बसवलं नव्हतं.

दाब उतरवण्याची युक्ती मात्र मला साधली नाही. कारण २०१९ च्या डिसेंबरात युरोपातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की सॉफ्टवेअरनं दाब मुद्दाम फार उतरवून प्रोसेसरला चुकीची गणितं करायला लावता येतात, आणि त्या चुकांमधून त्याच्या सुरक्षित कप्प्यातल्या गुप्त किल्ल्या काढता येतात. त्यावर उपाय म्हणून ती सोयच बंद करणारे बदल निघाले आणि पुष्कळ लॅपटॉपांवर अद्ययावतीकरणाबरोबर येऊन बसले. माझ्यावरही बसले होते. मीच कधीतरी 'होय' म्हटलं होतं. धोका खरा होता हे मान्य करतो. पण तो सुरक्षित कप्पा मी आयुष्यात कधी वापरला नाही, आणि ज्याला तो नको आहे त्यानं आपल्या जबाबदारीवर कुलूप काढावं अशी किल्ली ठेवणं निर्मात्यांना अवघड नव्हतं. १९८४ च्या स्फटिकापाशी जो वाद सुरू झाला तोच हा. फरक एवढाच की तेव्हाचा माणूस वेग वाढवू पाहत होता आणि मी नुसती उष्णता कमी करू पाहत होतो.

हे कुलूप सगळ्यांनीच मुकाट्यानं मानलं असं नाही. चीनमधल्या काही हौशी मंडळींनी थिंकपॅड एक्स२०० आणि एक्स२०१ या दहा वर्षं जुन्या लॅपटॉपांच्या सांगाड्यात बसेल असा संपूर्ण नवा मदरबोर्ड घडवला, चार गाभ्यांच्या १५ वॉटच्या प्रोसेसरसह. जुना जाड डबा आणि नवी कमी तापणारी चिप. पातळपणाचा सोस सोडला की केवढी जागा मोकळी होते, याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक मला ठाऊक नाही.

त्या वाड्यात मी पुन्हा गेलो तो दीड वर्षानं, डिसेंबरात. आजोबा झोपाळ्यावरच होते, जरा थकलेले. माडीवर सकाळी १६ अंश होतं आणि दुपारी २८. लॅपटॉप मी दोन पट्ट्यांवर उचलून ठेवला होता, खालून वारा जावा म्हणून. पंखा ऐकायला कान द्यावा लागत होता. तीन दिवसांत सहा बासनं झाली. सातव्याला दोन पावसाळ्यांत वाळवी लागली होती. फडकं सोडलं तेव्हा आत मातीची भुसभुशीत वडी होती आणि तिच्या कडेला बोटभर रुंदीचे, अक्षरांचे वरचे भाग तेवढे शाबूत असलेले तुकडे. त्यांचीही चित्रं घेतली.